डावं कोपर खाली

गोल्फचा चेंडू जमिनीवर पडलेला असतो. कोणी टाकत नाही, तो वळत नाही, उसळत नाही. तुम्ही तयार होईपर्यंत तासभरही गप्प बसून राहील. असला चेंडू मारायला काय लागतं, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. टिळक नगरच्या मैदानात टेनिस बॉलवर वाढलेल्या आणि पुढे चाळीस वर्षं रविवार चुकू न दिलेल्या माणसाला तसं वाटणारच. पहिल्या दिवशी पन्नास चेंडूंची बादली घेतली. त्यातले नऊ-दहा चेंडू लागले म्हणावेत असे लागले, आणि ते सगळे सरळ निघून उजवीकडे वळत गेले. क्रिकेटच्या हिशेबात एक्स्ट्रा कव्हरच्या डोक्यावरून. बाकीचे कुठे गेले ते विचारू नका. एक तर माझ्याच मागे सापडला.

हे खूळ डोक्यात शिरलं ते ७ ऑगस्ट २०२१ च्या शनिवारी. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोकची शेवटची फेरी होती आणि आमच्या घरात गोल्फमधलं कुणाला काही कळत नसताना आम्ही पहाटेपासून टीव्हीसमोर बसलो होतो. तिची आई बॅग घेऊन सोबत चालत होती. एका फटक्याने पदक गेलं, चौथी आली. बायको म्हणाली, "किती शांत आहे ना ही." मला मात्र त्या शांतपणापेक्षा तिचे हात दिसत होते. अंगात काही जोर लावल्यासारखं वाटतच नव्हतं, आणि चेंडू जायचा तिथे जात होता. त्याच सुमाराला आमची रविवारची टीम गुडघे, कंबर आणि बदल्या यांच्यापायी मोडली होती. मी पन्नाशी ओलांडलेली. हात रिकामे होते.

पहिला धडा मी पैसे मोजून घेतला, एका रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर. तिथल्या कोचने मोबाइलवर माझा स्लो मोशन व्हिडिओ काढला आणि त्यावर लाल रेघा मारून अकरा चुका दाखवल्या. अकराच्या अकरा खऱ्या असतील, मी नाही म्हणत नाही. पण पुढच्या चेंडूला उभा राहिलो तेव्हा डोक्यात अकरा सूचना होत्या आणि चेंडू एकच होता. त्या दिवशी उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या बुडाशी, सुपारीएवढा फोड आला आणि डाव्या बरगड्या आठवडाभर दुखत राहिल्या. त्या फोडाबद्दल पुढे सांगतोच.

मग मामा भेटले. आमच्या सोसायटीच्या प्लंबरचे थोरले भाऊ. चेंबूरला १९२७ सालचं बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं मैदान आहे. माझ्यासारख्या चेंबूरकराला त्याची ओळख बहुतेक बाहेरच्या भिंतीपुरतीच. त्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या आत कॅडी म्हणून, म्हणजे खेळणाऱ्यांच्या बॅगा वाहायला, जातात, आणि घरी परतल्यावर वाकवलेली सळई आणि प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन गल्लीत स्वतःचं गोल्फ खेळतात. घरांच्या मधल्या बोळातून, गटाराच्या कडेने, पत्र्यावर न लागू देता. वर्तमानपत्रांत त्याचे फोटोही येऊन गेलेत. मामा त्यांतलेच. पंचवीस वर्षं लोकांच्या बॅगा वाहिल्या आणि लोकांचे हात पाहिले. नाव लिहू नका म्हणाले, म्हणून मामाच.

ते मला "साहेब" म्हणायचे. मी दोन-तीनदा म्हटलं, मामा, साहेब नका म्हणू, मी इथलाच. "सवय आहे," म्हणाले आणि पुन्हा साहेब.

चोरबाजारातून नऊशेला घेतलेली माझी सात नंबरची आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याची गोल्फची स्टिक, त्यांनी हातात घेतली. मला वाटलं, आता डोकं बघतील, दांडा बघतील. त्यांनी मुठीच्या रबरावर अंगठ्याचं नख दाबलं. नख उमटलं नाही. "हे रबर मेलंय, साहेब. काचेसारखं झालंय. हे हातातून निसटू नये म्हणून तुम्ही आवळणार, आवळलं की मनगट लाकूड." दुसऱ्या दिवशी नवी ग्रिप मिळाली. ब्लेडने जुनं रबर उभं चिरून सोललं, आतला पिवळा चिकट कागद खरवडला, नवी दुहेरी चिकटपट्टी लांब लावली. मग नव्या ग्रिपच्या टोकाचं भोक अंगठ्याने दाबून आत पेट्रोल ओतलं, हलवलं, तेच पेट्रोल पट्टीवर सांडलं आणि ग्रिप एका दमात सर्रकन दांड्यावर चढवली. ओली असेपर्यंत ती फिरवून सरळ करता येते, वाळली की बसली. सगळं मिळून दहा मिनिटं. मुंबईच्या दमट हवेत हे रबर, आणि डाव्या हातात घालायचं ते चामडी ग्लव्ह, दोन्ही फार टिकत नाहीत. माझ्या ग्लव्हला पहिल्याच पावसाळ्यात बुरशी आली.

मग पकड. मी स्टिक बॅटसारखी तळव्यात धरत होतो. मामांनी नळाखालची बादली उचलायला सांगितली. "कडी कुठे आली?" बोटांच्या मुळाशी. "तशी. तळव्यात नाही." डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांनी धरायचं, वरून पाहिलं तर डाव्या मुठीची दोन-अडीच हाडं दिसली पाहिजेत, उजव्या हाताची करंगळी डाव्याच्या तर्जनीवर टेकवायची. आणि किती घट्ट? इथे मामांनी दिलेला दाखला मला अजून उपयोगी पडतो. "लोकलमधली कडी. गाडी सुटताना धरता तशी नाही. गाडी स्टेशनात उभी असताना धरता तशी."

एवढ्याने चेंडू लागायला लागला. पण वळायचा उजवीकडेच. याला स्लाइस म्हणतात आणि नवशिक्यांतल्या बहुतेकांना तो होतो हे तोवर मला कळलं होतं. त्यावर मी स्वतःच्या अकलेने उपाय काढला होता. उजवीकडे जातोय ना, मग डावीकडे तोंड करून उभं राहायचं. जेवढा डावीकडे वळलो, तेवढा चेंडू आणखी उजवीकडे वळायला लागला. हे कोडं मला महिनाभर सुटलं नाही.

मामांनी ते वस्तीतल्या बोळात सोडवलं. दोन विटांच्या मध्ये प्लॅस्टिकचा चेंडू ठेवला. स्टिकच्या तोंडाला म्हणजे फेसला कॅरमची पावडर फासली आणि मला मारायला लावलं. चेंडूचा ठसा फेसच्या मधोमध यायला हवा होता. तो आला आत, दांडा जिथे जोडलेला असतो त्या मानेजवळ. "बघा. स्टिक बाहेरून आत येतेय. खांदा आधी फिरला, हात बाहेर फेकले गेले." मग खडूने जमिनीवर दोन रेघा मारल्या. एक फेस पाहतो ती, दुसरी स्टिक जाते ती. चेंडू सुटतो मुख्यतः फेस पाहतो त्या दिशेला आणि वळतो तो या दोन रेघांमध्ये जो फरक आहे त्यामुळे. मी डावीकडे तोंड करून उभा राहत होतो, तेव्हा स्टिकची वाट डावीकडे जात होती आणि हात मात्र फेस निशाणाकडेच धरून ठेवत होते. फरक वाढला, वळण वाढलं. "तोंड एकीकडे, वाट दुसरीकडे," मामा म्हणाले. दोन खडूच्या रेघांत जे समजलं, त्यासाठी मी त्या आधी किती व्हिडिओ पाहिले होते ते सांगायला लाज वाटते.

समजणं आणि हातात येणं यांच्यात मात्र अख्खा हिवाळा गेला. अडलेलं होतं माझं डावं कोपर.

दहा-बारा वर्षांचा असताना मे महिन्याच्या सुट्टीत मी शिवाजी पार्कला नेटला जायचो. तिथल्या सरांचं एकच वाक्य कानात बसलंय, "कोपर वर!" ड्राइव्ह मारताना डावं कोपर वर, बॅटचं पूर्ण तोंड गोलंदाजाकडे, आणि चेंडू गेल्यावरही ते तोंड तसंच धरून ठेवायचं. कोपर खाली आलं की सर स्टंपने कोपराला टोचायचे. सरळ बॅटचं ते शिक्षण मुंबईच्या क्रिकेटचा श्वास आहे, आणि गोल्फमध्ये तीच नेमकी चूक. चेंडू लागल्यानंतर डावं कोपर बाहेर वर निघालं की त्याला तिकडे कोंबडीचा पंख म्हणतात. कोपर असं बाहेर आलं की हात एकमेकांवरून फिरत नाहीत, फेस उघडाच राहतो, चेंडू उजवीकडे. शिवाय कोपर दुमडलं की स्टिकचा वेगही तिथेच मरतो.

मला आणखी एक भ्रम होता, की चेंडू लागतानाच त्याला दिशा देता येते. क्रिकेटमध्ये आपल्याला तसं वाटतं खरं, चेंडू बॅटवर घेतला, मग ढकलला. तिथला चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. गोल्फचा जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, आणि स्टिकच्या तोंडाला तो चिकटून असतो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढा. तेवढ्यात तुम्ही कोपर वर धरा नाहीतर देवाचं नाव घ्या, काय व्हायचं ते आधीच ठरलेलं असतं.

मामांनी डाव्या काखेत रुमाल दिला. "हा पडू द्यायचा नाही." अर्धाच स्विंग, कमरेपासून कमरेपर्यंत. मी मारला, रुमाल पायाशी. पुन्हा मारला, पुन्हा पायाशी. एकवीस वेळा मोजलं, नंतर मोजणं सोडलं. गल्लीतली पोरं जमली होती. त्यातल्या एकाने, असेल सहावी-सातवीतला, सळई उचलली, रुमाल काखेत न घेताच तसाच अर्धा स्विंग केला आणि चेंडू समोरच्या दोन पिंपांच्या मधून काढला. कोणी त्याला कोपर वर म्हणून सांगितलंच नव्हतं.

घरी मी आरशासमोर उभा राहून हेच करत बसायचो, स्टिक न घेता, नुसते हात. काख मिटलेली, डावा हात फिरून तळवा वर येतो, उजवा त्याच्यावरून पलीकडे. बायको म्हणायची, कणीक मळतोयस का. तीनेक आठवड्यांनी एका संध्याकाळी रुमाल राहिला. मारताना काही वेगळं वाटलं नाही, उलट फटका हलका वाटला. चेंडू डावीकडे वळला! आयुष्यात पहिल्यांदा चुकीच्या दिशेने चेंडू गेल्याचा आनंद झाला.

पुढची अडचण होती जमिनीची. मी चेंडू उचलायला जायचो. त्याच्याखाली स्टिक घालून त्याला वर काढायचं, असा हिशेब. मग कधी चेंडूच्या दोन इंच मागे जमीन लागायची, कधी चेंडूचं डोकं लागून तो घरंगळत जायचा. मामांच्या भाषेत पहिला डफ, दुसरा टॉप. "उचलायचं काम तुमचं नाही, स्टिकचं आहे." सात नंबरच्या तोंडाला ३० ते ३५ अंशांचा उतार असतोच. आपण खाली मारायचं, चेंडूला आधी, जमिनीला नंतर. चांगल्या खेळाडूने मारल्यावर गवताचा तुकडा उडतो तो चेंडू होता त्याच्या पुढचा, मागचा नाही.

मुंबईत गवत आणायचं कुठून? मी गच्चीवर काथ्याचं पायपुसणं टाकलं आणि त्यावर खडूने आडवी रेघ ओढली. चेंडू नाहीच. स्टिकने काथ्या झाडायचा, आणि झाडल्याचा माग रेघेच्या डाव्या बाजूला आला पाहिजे. काथ्याचं एक चांगलं असतं, खोटं बोलत नाही. केस जिकडे विस्कटले तिकडे स्टिक लागली. पहिल्या आठवड्यात रेघेच्या उजवीकडे पायपुसण्याला टक्कल पडलं. दुसरं पायपुसणं आणलं. तोवर खालच्या मजल्यावरून सेक्रेटरींकडे तक्रार गेली, आणि वॉटरप्रूफिंगचा विषय निघाल्यावर आमच्याकडे कोणाचंच काही चालत नाही. जुनी गादी खाली घातली, वेळ संध्याकाळी सहा ते साडेसहा ठरली, मिटलं.

पण माग डावीकडे सरकेना. कारण वजन उजव्या पायावरच राहत होतं. इथे मामांनी मला चकित केलं. त्यांनी विचारलं, "साहेब, फ्रंट फूटवर कसे खेळता?" मी पाय टाकून दाखवला. "मग तो टाका की." दोन्ही पाय जुळवून उभं राहायचं, स्टिक मागे न्यायची, आणि ती वर पोचता पोचता डावा पाय निशाणाकडे टाकायचा, मग मारायचं. इतके महिने जे जे क्रिकेटमधलं होतं ते सोडून दे म्हणून सांगितलं जात होतं, आणि हे मात्र आयतं निघालं. पाय टाकला की वजन आपोआप गेलं, कंबर हातांच्या आधी फिरली. दुसऱ्या पायपुसण्याचं टक्कल रेघेच्या डावीकडे पडलं. मी त्याचा फोटो काढून मामांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

लय मात्र माझी मलाच सापडली. मामा म्हणायचे, घाई करता. पण घाई करू नका म्हटल्यावर मी सगळंच हळू करायचो आणि खाली येताना स्टिक मेल्यासारखी यायची. मोठ्या खेळाडूंच्या स्विंगमध्ये स्टिक मागे न्यायला लागणारा वेळ खाली आणायच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो. तीनास एक. हे कळलं त्या दिवशी मला शाळेतली लेझीम आठवली. पीटीच्या सरांची शिट्टी, आणि एक-दोन-तीन-चार. एक-दोन-तीनला स्टिक वर, चारला खाली. मनातल्या मनात लेझीम वाजवत मारायला लागलो आणि खांदा आधी फिरणं बरंचसं थांबलं. मामांना सांगितलं तर हसले. "आमच्याकडे गणपतीत ढोल," म्हणाले.

मार्चमधल्या एका रविवारी मामांनी खारघरला चला म्हटलं. सिडकोचं खारघर व्हॅली गोल्फ कोर्स पांडवकड्याच्या डोंगराखाली आहे आणि तिथे पैसे भरून बाहेरच्यालाही खेळता येतं. सदस्यत्वाच्या भिंतीबाहेर राहणाऱ्यांसाठी ही सोय मोठी आहे. छत्रीच्या जुन्या कव्हरात स्टिक घालून आम्ही टिळक नगरहून हार्बर पकडली. समोरच्या आजोबांनी विचारलं, "हॉकी?" मी हो म्हणालो. मामा खिडकीबाहेर बघत राहिले, पण मानखुर्द येईपर्यंत त्यांचं हसू ओसरलं नव्हतं.

डोंगर तेव्हा वाळून करडा झालेला, ऊन दहा वाजताच चटके देणारं. खरा चेंडू, खरं गवत. पहिले पाच टॉप झाले. मामांनी काही सांगितलं नाही, फक्त माझा रुमाल मागितला, घाम पुसला आणि परत काखेत दिला. सहावा लागला. कसा लागला ते सांगता येत नाही, कारण हाताला काही कळलंच नाही. आवाज तेवढा आला, जीभ टाळूपासून सुटावी तसा. चेंडू थोडा डावीकडे निघाला, सरळ झाला, शंभर यार्डाच्या पाटीच्या पुढे पडला. मी वळून बघितलं तर मामा चेंडूकडे बघतच नव्हते. त्यांची नजर माझ्या पायाजवळच्या गवतावर होती. "पुढे निघालंय," ते म्हणाले. माती चेंडूच्या पुढची उडाली होती.

सातवा चेंडू मानेला लागून सरळ उजवीकडच्या जाळीत गेला. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी बादली मागे सरकवली.

चाळीस चेंडू झाल्यावर सावलीत बसलो. मामा म्हणाले, "हात दाखवा." मी उजवा तळवा पुढे केला. अंगठ्याच्या बुडाशी काही नव्हतं, तिथली कातडी मऊ झाली होती. "डावा." ग्लव्ह काढलं. डाव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांच्या मुळाशी तीन छोटे कडक घट्टे आले होते, ओळीने. मामांनी त्यांवरून अंगठा फिरवला, रबरावर फिरवला होता तसा.

"बरोबर जागेवर आलेत, भाऊ," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मग तो लांब मारायचा ड्रायव्हर कधी द्यायचा हातात?"

"दिवाळीनंतर बघू," मामा म्हणाले आणि बादलीत उरलेले दहा चेंडू माझ्याकडे सरकवले.